नाटकाची पेठ कुठे भरते?

मुंबईला चार दिवस निघालेला अमरावतीकर फिरण्याची यादी करतो. सिद्धिविनायक, राणीची बाग, गेटवे, जमलंच तर एलिफंटा. घरात नाटकाची आवड असेल तर एक संध्याकाळ मोकळी ठेवली जाते. मग प्रश्न येतो, मुंबईत नाटकांचा भाग नेमका कोणता? लंडनला वेस्ट एंड आहे, न्यूयॉर्कला ब्रॉडवे आहे, कोलकात्याला उत्तरेकडचं हातीबागान होतं. नकाशावर बोट ठेवून ‘हा मुंबईचा नाटकवाला भाग’ असं दाखवता येतं का?

विचाराल तर दहापैकी नऊ जण दादर म्हणतील. उत्तर चूक नाही, पण ते आजच्यापुरतं आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना याच प्रश्नाचं उत्तर गिरगाव किंवा ग्रँट रोड असं मिळालं असतं. पावणेदोनशे वर्षांत मुंबईतल्या नाटकाने आपलं बिऱ्हाड अनेकदा हलवलं. ते का हललं हे पाहू गेलं की एक साधं कारण पुन्हा पुन्हा समोर येतं. नाटक संपल्यावर प्रेक्षकाला घरी जाता आलं पाहिजे. थिएटर कुठे बांधायचं, पडदा किती वाजता उघडायचा, खेळ किती अंकांचा करायचा, यातलं पुष्कळसं याच गोष्टीवर ठरत आलं.

कोटाबाहेरची पहिली पायरी

मुंबईतलं पहिलं नाट्यगृह इंग्रजांचं आणि इंग्रजांसाठी होतं. आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे, तिथल्या मैदानावर ते १७७६ च्या सुमारास उभं राहिलं. नाटकं इंग्रजी, प्रेक्षक कोटात, म्हणजे फोर्टात राहणारे साहेब आणि त्यांच्या मडमा. ते कायम कर्जात असायचं, आणि १८३५ मध्ये ते विकावं लागलं. पुढे शहरातल्या प्रतिष्ठितांनी नव्या नाट्यगृहासाठी सरकारकडे अर्ज केला. त्यात पुढाकार नाना शंकरशेट यांचा होता. त्यांनी ग्रँट रोडवरची आपली जागा दिली आणि १८४६ मध्ये तिथे नवं थिएटर सुरू झालं.

जागा कोटापासून लांब होती. साहेबलोकांना रात्री बग्गीतून देशी वस्तीतून यावं लागे, त्यामुळे त्यांची गर्दी हळूहळू ओसरली. आसपास राहणाऱ्या मराठी, गुजराती आणि पारशी माणसांना मात्र थिएटर चालत जाण्याच्या टप्प्यात आलं. सांगलीत १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ करून मराठी नाटकाचा श्रीगणेशा करणारे विष्णुदास भावे मंडळी घेऊन मुंबईत आले, आणि १८५३ च्या मार्चमध्ये याच ग्रँट रोडच्या थिएटरात त्यांचा तिकीट लावून खेळ झाला. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास पारशी नाटक मंडळीही तिथे उभी राहिली. इंग्रजांसाठी बांधलेलं थिएटर सात वर्षांत देशी नाटकाचं झालं. कोणी कायदा केला नाही की चळवळ केली नाही. पत्ता बदलला, त्याबरोबर खुर्च्यांवर बसणारी माणसं बदलली.

पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत त्या भागात थिएटरांची रांगच लागली. व्हिक्टोरिया, रिपन, बालीवाला अशी नावं जुन्या मंडळींच्या आठवणींत सापडतात. पारशी कंपन्यांनी तिथे रंगवलेले पडदे, रंगमंचाच्या पोटातली चोरदारं आणि आकाशातून उतरणाऱ्या पऱ्या आणल्या. इंग्रजी ‘प्ले हाउस’चं लोकांच्या तोंडी ‘पिला हाऊस’ झालं आणि तेच त्या वस्तीचं नाव पडलं. याच भागातल्या बालीवाला थिएटरात ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केलं. दोन कंपन्यांचे दोन मोठे गायक नट एकाच खेळात उतरले होते. तो प्रयोग मराठी रंगभूमीच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला.

गिरगाव आणि बोलपट

मराठी मध्यमवर्ग गिरगावच्या चाळींत आणि वाड्यांत दाटीवाटीने राहत होता. चरणी रोडजवळ रॉयल ऑपेरा हाउसचं १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं. तिथे बालगंधर्व गायले आणि पृथ्वीराज कपूर उभे राहिले. पुढे तिथे सिनेमा आला आणि १९९३ मध्ये दारं बंद झाली. डागडुजी होऊन २०१६ मध्ये ती पुन्हा उघडली. मुंबईला गेलात तर ही वास्तू बाहेरून तरी जरूर पाहा.

मराठी नाटकाला मोठा धक्का याच गिरगावात बसला. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला. पडद्यावरची माणसं बोलायला आणि गायला लागली. मालकांच्या दृष्टीने हिशेब सरळ होता. नाटकाचा खेळ रात्रीतून एकदाच होणार, आणि पन्नास-साठ माणसांची कंपनी पोसावी लागणार. सिनेमाची रिळं दिवसातून तीन-चारदा फिरवता येतात, वर ती जेवायलाही मागत नाहीत. पाहता पाहता पिला हाऊसची थिएटरं सिनेमागृहं झाली. अल्फ्रेड टॉकीज हे त्यातलं एक, पूर्वी त्याचंच नाव रिपन होतं. कंपन्या एकामागून एक बुडाल्या आणि नाटकाला हक्काची जागा उरली नाही.

ती जागा साहित्यिकांनी मिळवून दिली. मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ मध्ये स्थापन झाला. केळेवाडीत आधी उघड्यावरचा रंगमंच चालवला गेला, आणि १९६४ मध्ये डॉ. अमृतराव भालेराव यांच्या खटपटीतून तिथे पक्कं नाट्यगृह झालं. गिरगावातल्या एका गल्लीत, वस्तीच्या पोटात ते आजही उभं आहे.

गिरण्यांचा भोंगा

दरम्यान परळ-लालबागला वेगळीच पेठ भरत होती. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार तिथे राहत होता. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगच्या आश्रयाने १९२२ मध्ये दामोदर हॉल उभा राहिला. दशावतारापासून सामाजिक नाटकांपर्यंत सगळं तिथे झालं, आणि कामगारांनी लिहिलेली, कामगारांनीच उभी केलेली नाटकंही झाली. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड उतरत. या भागातल्या खेळांची वेळ पाळीवर ठरे. गिरण्या बंद पडल्या तसा हा प्रेक्षक विखुरला. दामोदरही २०२३ च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झालं.

दादरच का?

मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बंद झाली, आणि वर्षभराने, मे १९६५ मध्ये, दादरला शिवाजी मंदिर सुरू झालं. तारखा जवळजवळ आल्या हा योगायोग आहे, पण शहर बदलत होतं ते या दोन्ही गोष्टींतून दिसतं. गिरगावातली तरुण बिऱ्हाडं जागेच्या शोधात पार्ले, मुलुंड, ठाणे, डोंबिवलीला चालली होती. गिरगावात चालत नाटकाला जाणारा माणूस आता लोकलने जाणार होता. मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वे जिथे मिळतात ते मोठं स्थानक दादर. बोरिवलीचा आणि डोंबिवलीचा प्रेक्षक एका छताखाली यायचा तर तो इथेच सोयीने येऊ शकत होता.

स्थानकाच्या पश्चिमेला उतरून फुलबाजाराच्या गर्दीतून वाट काढत न. चिं. केळकर रस्त्याला लागलं की प्लाझा सिनेमासमोर शिवाजी मंदिर दिसतं. खाली दुकानं, वर नाट्यगृह. दर्शनी बाजूला आठवड्याच्या नाटकांचे फलक लावलेले असतात. तिकीट खिडकीवर पूर्वी ‘प्लॅन’ असे, म्हणजे खुर्च्यांचे चौकोन छापलेला कागद. प्रेक्षक वाकून रांग निवडायचा आणि बुकिंगवाला पेन्सिलीने त्या चौकोनावर फुली मारायचा. मधल्या रांगा संपल्या का, कडेच्या किती उरल्या, हे कागद पाहताच कळे. निर्माताही संध्याकाळी त्या फुल्या मोजून आजच्या खेळाची तब्येत ओळखे. आता बरीच तिकिटं मोबाइलवर निघतात, तरी बोलताना ‘प्लॅन कधी उघडतोय?’ असंच विचारतात.

दादरने प्रायोगिक नाटकालाही घर दिलं. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या ‘आविष्कार’ने १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले. खुर्च्या मांडायच्या, दिवे टांगायचे, सकाळी शाळा भरण्याआधी आवरायचं. जवळपास दोन दशकं मराठीतले मोठे नाटककार, दिग्दर्शक आणि नट त्या हॉलमधून गेले. छबिलदास हे चळवळीचं नाव होण्यामागेही स्टेशनपासूनचं दोन मिनिटांचं अंतर हे एक कारण आहे. कमी पैशांत नाटक करणाऱ्यांना टॅक्सीने येणारा प्रेक्षक परवडत नाही.

पुढे शहर आणखी पसरलं आणि नाट्यगृहंही पांगली. ठाण्याचं गडकरी रंगायतन आणि जुहूचं पृथ्वी थिएटर दोन्ही १९७८ ची. पार्ल्याला दीनानाथ मंगेशकर, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडला कालिदास, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले, कल्याणला आचार्य अत्रे, वाशीला विष्णुदास भावे. यातली बहुतेक पालिकांनी बांधली. आता बोरिवलीकराला दादरपर्यंत यायची गरज नाही, कारण नाटकच बोरिवलीला येतं.

नाटक बसतं ते बसमध्ये

इथे मुंबई लंडन-न्यूयॉर्कपासून वेगळी पडते. वेस्ट एंडमध्ये नाटक एका थिएटरात मुक्काम ठोकतं. अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ नोव्हेंबर १९५२ मध्ये लागलं, आणि इतक्या वर्षांत त्याने थिएटर बदललं ते एकदाच, १९७४ मध्ये, तेही शेजारच्याच इमारतीत. ब्रॉडवेवर पाचशेच्या वर खुर्च्यांची ४१ थिएटरं आहेत. तिथे सेट एकदा उभा राहिला की नाटक उतरेपर्यंत हलत नाही.

मराठी व्यावसायिक नाटकाला असा मुक्काम नाही. नाट्यगृहं निर्मात्यांना तारखा वाटतात, आणि एका दिवसाची सकाळ, दुपार, रात्र अशी सत्रं पडतात. एकाच नाट्यगृहात रविवारी तीन वेगवेगळी नाटकं होऊ शकतात. एखादं नाटक शनिवारी दादरला, रविवारी दुपारी ठाण्याला आणि रात्री डोंबिवलीला असतं. एका गावचा सोमवार आणि दुसऱ्याचा शुक्रवार गाठणाऱ्या बाजारकऱ्यासारखा नाटकाचा संसार पाठीवर असतो. सेट घडीचा करावा लागतो. भिंती चौकटींत मोडतात, जिना दोन तुकड्यांत निघतो, सोफा हलका हवा. दुपारच्या नाटकाचा पडदा पडला की मागच्या दाराशी पहिल्या नाटकाचा माल बाहेर आणि दुसऱ्याचा आत, अशी पळापळ सुरू होते. प्रेक्षक बाहेर वडा-चहा घेत असताना तासा-दोन तासांत एक घर मोडून दुसरं उभं राहतं. हे करणाऱ्या रंगमंच कामगारांची नावं फलकावर नसतात, पण तिसरी घंटा वेळेवर होते ती त्यांच्यामुळे.

वेळेचंही असंच आहे. संगीत नाटकांच्या काळी रात्री सुरू झालेला खेळ उत्तररात्रीपर्यंत चाले, कारण ऐकणारा जवळच राहायचा आणि ‘वन्स मोअर’ मागताना त्याला घड्याळ पाहावं लागत नसे. आजचं नाटक दोन अंकी आहे आणि रात्री आठ-साडेआठचा खेळ अकराच्या आसपास संपतो, कारण बाहेर शेवटच्या लोकलचा धाक आहे. पाच अंकांवरून दोन अंकांवर येण्याचं श्रेय वाङ्मयाचे अभ्यासक इब्सेनला देतात. थोडं रेल्वेच्या वेळापत्रकालाही द्यायला हरकत नाही.

प्रेक्षकाच्या वाटेवर नाटक बसतं, हा नियम मुंबईपुरता नाही.   न्यूयॉर्कमध्ये नाट्यगृहं मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाकडून वस्तीबरोबर उत्तरेला सरकत गेली. १९०४ मध्ये भुयारी रेल्वे सुरू झाली, त्याच वर्षी एका चौकाला टाइम्स स्क्वेअर हे नाव मिळालं, आणि तिथे पेठ कायमची बसली. तिथेही आधी गाडी आली, मग दिवे लागले.

आणि आपल्याकडे?

वऱ्हाडला नाटकाची पेठ कधीच नव्हती, पण गिऱ्हाईक होतं. कापसाचा हंगाम झाला की हातात पैसा खेळे, आणि नाटक कंपन्या आगगाडीने अकोला, अमरावती करत नागपूरकडे सरकत. अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरचं नाव त्या काळातलंच. कंपन्यांना आश्रय देणारे रसिकही इथे होते. त्यांत मोठं नाव दादासाहेब खापर्डे यांचं. लोकमान्यांचे सहकारी, अमरावतीचे नामांकित वकील आणि नाटकांचे शौकीन. १९०५ मध्ये मुंबईत पहिलं मराठी नाट्यसंमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षपद मुंबई-पुण्याच्या कोणाकडे न जाता या अमरावतीकराकडे गेलं. वीर वामनराव जोशी अमरावतीचेच. त्यांची ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्शने गाजवली, आणि १९२७ ची ‘रणदुंदुभी’ दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीने. पुढे महेश एलकुंचवारांनी विदर्भातल्या धरणगावचा पडका वाडा थेट मुंबईच्या रंगमंचावर नेला. विजया मेहता यांनी १९८५ मध्ये ‘वाडा चिरेबंदी’ बसवलं, तेव्हा देशपांड्यांच्या घरातलं ते बोलणं, ते अंगण आणि तो ट्रॅक्टर दादर-पार्ल्याच्या प्रेक्षकांनी आपली मानली.

थिएटरांची पेठ अमरावतीत भरली ती सिनेमाची. राजकमल, श्याम, चित्रा ही टॉकीजची नावं चौकांना चिकटली आणि आज ऑटोवाल्याला तीच सांगावी लागतात. सी. पी. बेरार या चित्रपट वितरणाच्या विभागात अमरावती हे महत्त्वाचं ठाणं झालं. वितरकांची कार्यालयं इथे होती आणि रिळांच्या पेट्या इथून गावोगाव जात.

नाटकाची खरी पेठ पाहायची तर विदर्भाच्या पूर्व टोकाला जावं लागतं. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा-देसाईगंज हे झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र. तिथे नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत, आणि गावोगावचे लोक येऊन मंडईसाठी, शंकरपटासाठी नाटक ठरवून जातात. धानाची कापणी झाली की हंगाम सुरू होतो. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. ते इतकं लांब का, याचं उत्तरही वाटेतच आहे. मध्यरात्री जंगलातून कोणी घरी जात नाही, म्हणून खेळ सकाळपर्यंत प्रेक्षकाला धरून ठेवतो. या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

जाणाऱ्यांसाठी

मुंबईत नाटक पाहायचं ठरवलं तर आधी नाटक निवडा, थिएटर नंतर. शनिवार-रविवारच्या मराठी वर्तमानपत्रांत नाटकांच्या जाहिरातींचं पान असतं. त्यात एकच नाटक तीन ठिकाणी दिसेल, आपल्या मुक्कामाजवळचं घ्या. सोमवार ते गुरुवार प्रयोग कमी असतात, म्हणून शनिवार-रविवार हाताशी ठेवा. अमरावतीहून रात्रीच्या गाडीने निघालात तर पहाटे कल्याण, ठाणे आणि दादर ओळीने लागतात. तिन्ही ठिकाणी नाट्यगृह आहे, त्यामुळे ज्या नातेवाइकांकडे उतरणार त्यांच्या स्थानकाप्रमाणे ठरवणं सोपं. जुनी पेठ पाहायची असेल तर सकाळी ऑपेरा हाउस आणि केळेवाडीतला साहित्य संघ पाहून दुपारी दादरला या. शंभराहून अधिक वर्षांचा प्रवास लोकलच्या पंधरा-वीस मिनिटांत होतो. लहान मुलं आणि वयस्कर मंडळी बरोबर असतील तर दुपारचा खेळ घ्यावा, रात्री परतीची धावपळ होत नाही.

मुंबईची नाटकं अमरावती-अकोल्यातही येतात, पण कमी. साडेसहाशे किलोमीटर बस आणायची, सेट आणायचा, दोन दिवस प्रवासात घालवायचे, म्हणून ठेकेदार नागपूर, अमरावती, अकोला असे सलग प्रयोग जुळवतो. मग आपल्याला वार मिळतो तो आडवा, आणि वेळ रात्रीची. दर्यापूरचा, अचलपूरचा, चांदूरचा रसिक अकरा वाजता बाहेर पडून जाणार कसा? म्हणून तो येतच नाही, आणि मग ‘वऱ्हाडात नाटकाला प्रेक्षक नाही’ असं म्हटलं जातं. मुंबईच्या इतिहासातून घेण्यासारखी गोष्ट हीच आहे. आयोजकांनी रविवारी दुपारी चारचा प्रयोग लावावा, तो एसटीच्या वेळांशी जुळवावा आणि जाहिरातीत नटांच्या फोटोखाली परतीच्या गाड्यांची वेळ छापावी. अर्ध्या रिकाम्या सभागृहावर याहून स्वस्त उपाय सापडणार नाही.